न्याय गावी येतो तेव्हा

मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे चाले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याचा महजर होई. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी करी, कुणब्याचा नांगर तसा. न्याय देणारे शेजारीच! पण शेजारीच वैरी असला तर?

कायदा आयोगाने १९८६ साली ग्राम न्यायालयं सुचवली. कायदा २००८ चा, लागू झाला २ ऑक्टोबर २००९ ला. भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या माणसाला कोर्ट शहरातच. त्याच जिल्ह्यातल्या बैरसियात मात्र ग्राम न्यायालय उघडावं लागलं. न्यायाधिकाऱ्याने गावोगाव फिरून सुनावणी घ्यायची. स्वतःचा हितसंबंध असलेलं प्रकरण चालवायचं नाही. न्याय दारात यावा, पण न्यायाधीश कुणाचा सोयरा नसावा. दुबळ्याला आणखी काय हवं?