शालेय शिस्तभंगाची नोंद : ‘वर्तणूक’ या रकान्याचा इतिहास आणि चांदे (ता. मुळशी) परिसराच्या संदर्भात तिचा पुनर्विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर जन्मतारीख, जात, प्रगती, शाळा सोडण्याचे कारण आणि ‘वर्तणूक’ असे रकाने असतात. यांपैकी जन्मतारीख व जात हे रकाने काळजीपूर्वक तपासले जातात. ‘वर्तणूक’ या रकान्यापुढील ‘चांगली’ हा शब्द मात्र सहसा कोणी वाचत नाही. तो जवळपास सर्वांच्याच दाखल्यावर असतो. जो शब्द सर्वांविषयी लिहिला जातो त्यातून कोणाविषयीच काही कळत नाही. तरीही हा रकाना टिकून आहे आणि त्यात वेगळा शब्द पडेल ही भीतीही टिकून आहे.

विद्यार्थ्यांच्या शिस्तभंगाची नोंद शासनदरबारी कशी होत आली, त्या नोंदीने कोणाला बांधून घेतले आणि आज ती कशी असावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ नोंद झाली ती विद्यार्थ्याच्या वर्तनावरील निवाड्याची. घटनेची नोंद झाली नाही. परिणामी नोंदीचे दायित्व विद्यार्थ्यावर पडले, नोंद करणारी संस्था मात्र त्यातून मोकळी राहिली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन पाया

मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते १८५५ मध्ये स्थापन झाले. आरंभीच्या काळात खात्याला हवी होती ती शाळांची संख्या, पट, हजेरी आणि परीक्षांचे निकाल. शिस्त हा शिक्षकाच्या छडीचा विषय होता. ती कागदावर आणण्याची गरज कोणाला वाटली नाही. लोकमान्य टिळकांच्या बालपणातील शेंगांच्या टरफलांची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. शालेय शिस्तीचा मराठी मनातील हा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या पोहोचला तो आख्यायिकेच्या रूपाने, हे लक्षणीय आहे.

सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील १८८२ च्या शिक्षण आयोगाने नैतिक शिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर १८८७ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने शाळा-महाविद्यालयांतील शिस्त व नैतिक शिक्षण यांविषयी प्रांतिक सरकारांना मार्गदर्शन केले. वर्तनाच्या नोंदवह्या ठेवाव्यात, वसतिगृहे उभारावीत, वर्गनायकांची पद्धत अवलंबावी आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत आंतरशालेय नियम करावेत, अशा उपायांचा त्यात समावेश होता. यांतील शेवटच्या उपायाचा परिणाम सर्वाधिक दूरगामी ठरला. विद्यार्थ्याचे वर्तन शाळेच्या भिंतीबाहेर पडून त्याच्या कागदासोबत प्रवास करू लागले, आणि एका मुख्याध्यापकाचा निवाडा दुसऱ्या मुख्याध्यापकासाठी पुरावा ठरू लागला.

शिस्तभंग की देशभक्ती?

या पद्धतीतील उणीव स्वदेशी चळवळीच्या काळात स्पष्ट झाली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. प्राचार्यपदी तेव्हा रँग्लर र. पु. परांजपे होते. टिळकांच्या ‘केसरी’ने या कारवाईवर कठोर टीका केली. घटना एकच होती. परंतु महाविद्यालयाच्या दृष्टीने तो शिस्तभंग होता, तर समाजाच्या मोठ्या वर्गाच्या दृष्टीने ते देशकार्य होते.

त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले. पाठोपाठ मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे रिस्ले परिपत्रक आले. विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागाला आळा घालण्यासाठी शाळांचे अनुदान, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठीय संलग्नता यांचा दाब वापरण्याचे धोरण त्यांत होते. शिस्त ही आता केवळ विद्यार्थ्याची राहिली नाही. संस्थेलाही आपण ‘शिस्तबद्ध’ असल्याचे सिद्ध करावे लागले. मुळशीलगतच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे येथे विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य करीत होते. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. येथे तर संपूर्ण शाळाच शिस्तभंगाची गुन्हेगार ठरली.

निजामाच्या राज्यात १९३८ मध्ये याची पुनरावृत्ती झाली. ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. आंतरशालेय नियमांचे गृहीतक असे होते की, एका संस्थेने अपात्र ठरविलेला विद्यार्थी सर्वत्र अपात्र असावा. नागपूरने ते गृहीतक नाकारले. या विद्यार्थ्यांनी नेमके काय केले हे नागपूरला ठाऊक होते, म्हणूनच हे शक्य झाले. केवळ ‘वर्तणूक असमाधानकारक’ एवढाच शेरा हाती असता, तर असा विवेक करण्यास वाव राहिला नसता.

संहिता, नोंदवही आणि दाखला

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शाळा संहितेने शालेय अभिलेखांना स्थिर रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते आणि दाखला हा त्याच नोंदीवरून तयार होतो. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर नाव, जन्मतारीख, जात यांत बदल करावयाचा झाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. या काटेकोरपणामुळे जनरल रजिस्टरला न्यायालयीन पुराव्याचे मोल प्राप्त झाले.

‘वर्तणूक’ या रकान्याला मात्र असा काटेकोरपणा कधीच लाभला नाही. जन्मतारखेला आधारभूत कागद लागतो. वर्तणुकीच्या शेऱ्याला आधार म्हणून कोणतीही घटना, दिनांक, साक्ष किंवा विद्यार्थ्याचे म्हणणे जोडण्यास दाखल्याच्या नमुन्यात जागा नाही. दयाळू मुख्याध्यापक सर्वांनाच ‘चांगली’ लिहितात. हा दयाळूपणा अभिनंदनीय असला, तरी त्यामुळे वर्गातील छळ, मारामारी किंवा शिक्षकाकडून झालेली अमानुष शिक्षा यांपैकी कशाचाच माग मागे उरत नाही. उलट, शेरा बिघडविण्याची धमकी देण्यासाठी तो एक शब्द पुरेसा ठरतो.

माणसावर मारलेला शिक्का घटनेपेक्षा अधिक काळ टिकतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दाहक उदाहरण शाळेबाहेरचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समूहच्या समूह नोंदवहीत टाकले. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, तरी त्या नोंदीची सावली विमुक्त जमातींच्या मुलांवर शाळेतही पडत राहिली. वर्गात चोरी झाली की संशय आधी कोणावर जातो, हा अनुभव या समाजातील आत्मकथनांनी मराठी वाचकांसमोर ठेवला आहे.

दायित्वाची दिशा बदलते

शतकाच्या अखेरीस कायद्याचा रोख बदलू लागला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध अधिनियमाने प्रथमच कृत्याची व्याख्या केली, तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली आणि त्याने कुचराई केल्यास त्याच्यावरही ठपका ठेवण्याची तरतूद केली. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा कायदा परिचित आहे. त्याचे ऐतिहासिक महत्त्व असे की, येथे केंद्रस्थानी घटना आली आणि संस्था उत्तरदायी झाली.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसंबंधी हेच तत्त्व पुढे नेले. कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. कलम ५ नुसार दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला अडविणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. १८८७ च्या आंतरशालेय नियमांचे हे जवळजवळ उलटे प्रतिबिंब आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्यास ती कळविणे बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचे ठरविले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर शाळांतील सुरक्षाविषयक आदेश अधिक कडक झाले.

या काळात शालेय माहितीचे संगणकीकरणही वेगाने झाले. २०१२-१३ पासून यू-डायस ही एकत्रित प्रणाली आली आणि प्रत्येक शाळेला अकरा अंकी संकेतांक मिळाला. २०१५ मध्ये राज्याची ‘सरल’ प्रणाली आली. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थिनिहाय माहिती भरली जाऊ लागली. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, व्यवस्थापनाचा प्रकार, दिव्यांगत्व अशा असंख्य बाबींना संकेतांक आहेत. परंतु शाळेत घडलेली शिस्तविषयक घटना, तिचा प्रकार आणि तीवर शाळेने केलेली कार्यवाही यांसाठी त्यात रकाना नाही. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने वर्णनात्मक नोंदी आणल्या खऱ्या. पण लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि ‘चांगली’ या एका शब्दाची जागा काही ठरावीक वाक्यांनी घेतली.

संकेतांकनाचा परदेशी अनुभव

अमेरिकेतील अनेक राज्यांत शिस्तभंगाच्या प्रत्येक घटनेला संकेतांक देऊन ती राज्य शिक्षण खात्याला कळविली जाते. टेक्सासमध्ये घटनेचा प्रकार, केलेली कारवाई आणि तिचा कालावधी यांची स्वतंत्र नोंद होते. या नोंदींच्या आधारे जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातवीतील सुमारे नऊ लाख विद्यार्थ्यांचा किमान सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. सातवी ते बारावी या काळात दहांपैकी जवळजवळ सहा विद्यार्थ्यांवर निलंबनाची वा निष्कासनाची कारवाई झाल्याचे त्यातून दिसले. यांपैकी कायद्याने अनिवार्य असलेल्या कारवाया केवळ तीन टक्के होत्या. उर्वरित सर्व शाळेच्या मर्जीवर अवलंबून होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्या मर्जीचा फटका अधिक बसला होता, आणि विद्यार्थिवर्ग सारखा असलेल्या शाळांतही कारवाईचे प्रमाण भिन्न होते. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या नोंदीने येथे शाळेची परीक्षा घेतली.

या अनुभवाची दुसरी बाजूही आहे. २००२ च्या संघीय शिक्षण कायद्याने ‘सातत्याने धोकादायक’ शाळा निश्चित करण्यास राज्यांना सांगितले. आकडा वाढला की बदनामी होणार, हे दिसताच घटना न कळविण्याचा मोह वाढला. न्यूयॉर्क राज्याच्या २००६ मधील लेखापरीक्षणात अनेक शाळांनी घटना कळविल्याच नसल्याचे आढळले. शिक्षेशी जोडलेला आकडा प्रामाणिक राहत नाही, हा त्यातील धडा होय.

चांदे परिसराच्या संदर्भात

चांदे हे मुळशी तालुक्यातील, नांदे या गावालगतचे गाव. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलाच्या परिसरात झालेल्या विस्तारामुळे पुण्याच्या पश्चिमेकडील अशा गावांचे रूप पालटले. मूळ शेतकरी कुटुंबांबरोबरच बांधकाम व सेवा व्यवसायांनिमित्त येणारी-जाणारी कुटुंबे येथील समाजाचा भाग झाली. वर्षाच्या मध्येच शाळा बदलणे हे अशा कुटुंबातील मुलांच्या वाट्याला येते. नव्या शाळेत त्यांना कोणी ओळखत नाही. त्यांची ओळख सांगतो तो दाखला. म्हणून ‘वर्तणूक’ या रकान्याचा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही. प्रतिकूल शेरा पडल्यास त्याचा खुलासा करणारा परिचित शिक्षक सोबत नसतो. आणि मुलाचा छळ झाला असल्यास त्याची हकीकत जुन्याच शाळेत राहते.

शाळा, केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी अशी माहितीची साखळी अस्तित्वात आहे. तिच्यात घटनेची नोंद आणावयाची झाल्यास इतिहासातून चार तत्त्वे हाती येतात. पहिले, नोंद घटनेची असावी : दिनांक, स्थळ, प्रकार, विद्यार्थ्याचे म्हणणे आणि शाळेने केलेली कृती. दुसरे, शिक्षकाकडून झालेली शिक्षा हादेखील त्याच नोंदवहीतील एक प्रकार असावा. तिसरे, वर पाठविताना नावे वगळून केवळ संकेतांक व संख्या जावी. बालकाचे नाव शाळेतच राहावे आणि ठरावीक मुदतीनंतर नोंद नष्ट व्हावी. ज्या गंभीर घटना कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, त्यांचा मार्ग अर्थातच स्वतंत्र राहील. चौथे, आकड्यावरून शाळेला शिक्षा होऊ नये. शून्य घटना कळविणाऱ्या शाळेविषयी समाधानाऐवजी चौकशी व्हावी.

या सूचनेवर एक रास्त आक्षेप संभवतो. दोन शिक्षकी शाळेवर आधीच माहिती भरण्याचा भार आहे. त्यात आणखी एक तक्ता कशासाठी? त्याचे उत्तर असे की, प्रकार मोजकेच असावेत आणि रोजच्या खोड्या नोंदवहीत येऊच नयेत. बाकावर रेघा ओढणे ही शिक्षकाने मिटविण्याची गोष्ट आहे. ती राज्याच्या संगणकात गेल्यास बालपणच गुन्हा ठरेल. नोंदीची मर्यादा ठरविणे हे नोंद सुरू करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

समारोप

१८८७ च्या वर्तन नोंदवहीपासून आजच्या दाखल्यापर्यंतचा प्रवास पाहता असे दिसते की, शासनाने विद्यार्थ्याच्या स्वभावाविषयी मत नोंदविले. त्या मताचे कारण नोंदविले नाही. १९०५ आणि १९३८ या वर्षांनी हे मत किती सापेक्ष असते ते दाखविले. १९९९ नंतरच्या कायद्यांनी दायित्व संस्थेकडे वळविले, पण दाखल्याचा नमुना तेथवर पोहोचला नाही. घटनेची मर्यादित, निनावी व कारणांसह नोंद सुरू झाल्यास दाखल्यावरील ‘वर्तणूक’ हा रकाना काढून टाकता येईल. मग चांदे येथून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलाच्या हाती त्याचे नाव, जन्मतारीख आणि त्याने शिकलेली इयत्ता एवढे सांगणारा कागद असेल. त्याच्या स्वभावाविषयीचा निकाल त्यावर नसेल. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी या रकान्याचा विचार करणे थांबविले, तर या बदलाचा आरंभ शासन निर्णयाची वाट न पाहताही होऊ शकेल.