मुरघासाच्या बुरुजाचा मागोवा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मक्याच्या शेतांमधून फिरताना गोठ्यांना खेटून उभे असलेले उंच, गोल बुरूज दिसतात. हे सायलो, म्हणजे मुरघासाची कोठारं. मका आणि गाय यांची इथे गाठ पडली ती या बुरुजांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथला शेतकरी गहू पिकवत होता. वर्षानुवर्षं तेच पीक घेऊन जमिनी थकल्या, किडीने पिकं खाल्ली आणि पश्चिमेकडच्या नव्या जमिनींवरचा गहू स्वस्त पडू लागला. १८७२ मध्ये विल्यम डेम्पस्टर होर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध उत्पादकांची संघटना स्थापली. गव्हाऐवजी गाई पाळा, असा होर्ड यांचा आग्रह होता.

पण अडचण हिवाळ्याची होती. बर्फाच्या महिन्यांत वाळक्या चाऱ्यावर गाई आटायच्या. दुधाचा धंदा उन्हाळ्यापुरताच चालायचा. यावर तोड निघाली फ्रान्समध्ये. ऑगुस्त गोफार यांनी हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद साठवण्याचे प्रयोग केले आणि १८७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर लवकरच अमेरिकेत पोहोचलं.

मुरघासाचं तंत्र साधं, पण काटेकोर. दाणा चिकात असताना मका कापायचा, बारीक कुट्टी करायची आणि थरावर थर देऊन तुडवायची. हवा निघून गेली की जिवाणू चाऱ्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणात चारा टिकतो. चांगला मुरघास हातात घेतला तर आंबटगोड वास येतो. बुरशी दिसली तर समजावं, कुठेतरी हवा राहिली.

सुरुवातीला लोक बिचकले. हा चारा खाऊन गाईंचे दात पडतील, अशी भीती होती. काही डेअऱ्या मुरघासावरच्या गाईंचं दूध घेत नव्हत्या. शिवाय चौकोनी कोठारांच्या कोपऱ्यांत हवा अडकून चारा सडायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रँकलिन किंग यांनी १८९१ च्या सुमारास गोल सायलोची शिफारस केली. कोपरेच गेले, नासाडी घटली. त्याच विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातला स्निग्धांश मोजण्याची सोपी चाचणी शोधली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. पाणी घालणाऱ्याची लबाडी उघड झाली, कसदार दुधाला दाम मिळू लागला.

पुढे काळ फिरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विस्कॉन्सिनमध्ये लाखाहून अधिक शेतांवर दुभती जनावरं होती. आज दुधाचे परवानाधारक गोठे सहा हजारांहूनही कमी उरले आहेत. मोठ्या गोठ्यांनी मुरघासासाठी जमिनीवरचे बंकर आणि प्लास्टिकच्या लांब पिशव्या पत्करल्या. कितीतरी बुरूज रिकामे पडले.

विद्या मात्र पुढे सरकली. महाराष्ट्रातल्या दूधपट्ट्यात आज कुट्टी यंत्राशेजारी मुरघासाच्या भरलेल्या बॅगा दिसतात. तिथे बर्फाशी झुंज होती, इथे उन्हाळ्याशी आणि दुष्काळाशी आहे. विस्कॉन्सिनचा धडा इथेही लागू पडतो: मुरघास चाऱ्याची चणचण भागवतो, दुधाला भाव मिळवून देत नाही. त्यासाठी होर्ड यांच्यासारखी संघटना लागते आणि बॅबकॉक यांच्यासारखं चोख मोजमाप. आपल्या दूध उत्पादकाने मुरघासाबरोबर या दोन्ही गोष्टींचाही हट्ट धरायला हवा.