१८७३ : बर्मिंगहॅम नगरीच्या कसोटीचे वर्ष

शहरे बहुधा नदीकाठी, बंदरापाशी अथवा राजाच्या गढीभोवती वसतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम हे शहर मात्र एका कंपनीच्या वहीखात्यातून जन्मास आले. १८६१ ते १८६५ या काळातील गृहयुद्धात दक्षिणेचा पराभव झाला, गुलामगिरी संपुष्टात आली आणि केवळ कापसावर उभी असलेली तेथील अर्थव्यवस्था कोलमडली. त्यानंतर काही धनिकांचे लक्ष जोन्स व्हॅली या खोऱ्याकडे गेले. लोखंड तयार करण्यास लागणारे खनिज, दगडी कोळसा व चुनखडी हे तीनही पदार्थ तेथे थोडक्या अंतरात सापडत होते, आणि दोन लोहमार्ग त्याच खोऱ्यात एकमेकांस छेदणार होते. दोन लक्ष डॉलर भांडवलाची ‘एलिटन लँड कंपनी’ स्थापन झाली. तिने सुमारे ४,१५० एकर जमीन घेतली, रस्ते आखले आणि जून १८७१ पासून भूखंडांची विक्री सुरू केली. इंग्लंडमधील प्रसिद्ध कारखानदारी शहराचे नाव या माळरानाला देण्यात आले. डिसेंबर १८७१ मध्ये त्यास शहराची सनद मिळाली. एकही मोठी भट्टी पेटलेली नसताना लोखंडाच्या शहराचे नाव धारण करणे हे धाडसच होते. जे विकले जात होते ती जमीन नसून भविष्यकाळ होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कंपनीचे अध्यक्ष कर्नल जेम्स आर. पॉवेल हे पूर्वायुष्यात टपालगाड्यांचे कंत्राटदार होते. जाहिरातीची कला त्यांच्याइतकी त्या प्रांतात क्वचितच कोणास अवगत असेल. १८७३ मध्ये ते नगराचे महापौरही झाले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात जिल्ह्याचे ठाणे शेजारच्या जुन्या एलिटन गावी राहावे की बर्मिंगहॅमला यावे, यावर मतदान झाले. नुकताच मताधिकार लाभलेल्या कृष्णवर्णीयांना पॉवेल यांनी आगगाडीतून आणविले, त्यांना जेवणावळ दिली आणि त्यांच्या मतांच्या बळावर ठाणे मिळविले, असे सांगितले जाते. मताची ही किंमत त्या लोकांच्या वाट्यास फार दिवस आली नाही, हे पुढील इतिहासाने दाखविले. ते काही असो, दीड वर्षाच्या नगराची लोकवस्ती तेव्हा चार हजारांच्या आसपास पोहोचली होती आणि भूखंडांचे भाव दर महिन्यास चढत होते.

अशा ऐन तेजीत उन्हाळ्यात पटकीची साथ आली. त्या वर्षी ही साथ न्यू ऑर्लीन्सहून मिसिसिपी नदीच्या मार्गाने वर सरकली होती. तेथून प्रवाशांबरोबर ती आतील शहरांत शिरली. बर्मिंगहॅममध्ये रस्ते आखले गेले होते, पण सांडपाण्याची व्यवस्था नव्हती. बहुसंख्य लोक विहिरींचे व झऱ्यांचे पाणी पीत. चुनखडीच्या जमिनीत भेगा व पोकळ्या असतात. वरची घाण त्यांतून सहज खालच्या पाण्यात उतरते. सखल भागातील गरीब मजुरांच्या वस्तीत रोगाने प्रथम थैमान घातले. पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखविले होते, परंतु बहुतेक वैद्य अजून दूषित हवेलाच दोष देत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये आपल्याच कलकत्त्यात तेथील रुग्ण व तलावांचे पाणी तपासून या रोगाच्या जंतूविषयीचे संशोधन पूर्णत्वास नेले. बर्मिंगहॅमच्या वाट्यास त्या ज्ञानाचा लाभ आला नाही. मृतांची संख्या १२८ सांगितली जाते. चार हजारांच्या गावात हा आकडा किती भयंकर आहे हे निराळे सांगावयास नको. ज्यांना शक्य होते त्यांनी गाव सोडले. दुकानांना कुलपे लागली.

जे मागे राहिले त्यांमध्ये डॉ. मॉर्टिमर जॉर्डन हे होते. अमेरिकेच्या सरकारने पुढे या साथीचा जो मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील बर्मिंगहॅमविषयीचा वृत्तान्त त्यांचाच. विशेष असे की, त्या वैद्यकीय वृत्तान्तात त्यांनी गावातील वेश्यांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. प्रतिष्ठितांनी ज्यांना दाराशी उभे केले नसते, त्या स्त्रियांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि मरणाऱ्यांचे डोळे मिटले. त्यांतील लुईझ वूस्टर हिचे नाव आजही त्या शहरात आदराने घेतले जाते. सेवेस कुळ नसते हे आपल्या पूर्वाचार्यांनी अनेक कथांतून सांगितले आहेच. येथे ते एका डॉक्टराने सरकारी कागदावर लिहून ठेवले.

साथ ओसरते न ओसरते तोच दुसरा आघात झाला. १८ सप्टेंबर १८७३ रोजी फिलाडेल्फिया येथील जे कुक आणि कंपनी या नामांकित पेढीने व्यवहार थांबविले. नॉर्दर्न पॅसिफिक या लोहमार्गाच्या रोख्यांत तिचा पैसा अडकला होता. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार बंद करण्यात आला, तो दहा दिवस उघडला नाही. बँका एकामागोमाग एक बुडाल्या आणि मंदी वर्षानुवर्षे रेंगाळली. एलिटन कंपनीच्या भागांस गिऱ्हाईक मिळेना. काल सोन्याच्या भावाने विकला गेलेला भूखंड आज पुन्हा माळरान झाला.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना हे चित्र अपरिचित नव्हते. दक्षिण अमेरिकी संस्थानांचा कापूस युद्धामुळे अडकला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. त्या पैशातून मुंबईत बँका व भरणी-कंपन्यांचे अमाप पीक आले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी बड्या बड्या पेढ्यांची दिवाळी निघाली. सुरतेत जन्मलेले जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे अनभिषिक्त राजे. तेही त्यात होरपळले. मात्र त्यापूर्वी त्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या त्या माउलीस घंटानादाने वेळ कळावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. भाव उतरले, मनोरा राहिला.

बर्मिंगहॅममध्ये असेच एक बांधकाम चालू होते. फिनलंडमध्ये जन्मलेले व जहाजावर आयुष्य घालविलेले चार्ल्स लिन यांनी तेथे नॅशनल बँक ऑफ बर्मिंगहॅम काढली होती. तिच्यासाठी ते तीन मजली विटांची इमारत उभारीत होते. गाव ओस पडत असताना हा माणूस मजल्यावर मजला चढवितो हे पाहून लोकांनी त्या इमारतीस ‘लिनचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले. व्यापारी हिशेबाने लोकांचे फारसे चुकत नव्हते. पण पेढीची पत केवळ तिजोरीवर नसते. मालक बाजारात उभा आहे की बिऱ्हाड आवरीत आहे, हे गिऱ्हाईक आधी पाहते. लिन यांनी इमारत पुरी केली आणि ३१ डिसेंबर १८७३ च्या रात्री तेथे सर्व गावास मेजवानी व नृत्याचे आमंत्रण दिले. अट एकच, प्रत्येकाने ‘कॅलिको’चे कपडे घालून यावे.

कॅलिको हे नाव आपल्या केरळातील कालिकत बंदरावरून पडले. तेथून जाणारे सुती कापड युरोपात त्या नावाने विकले जाई. अमेरिकेत मात्र बारीक नक्षी छापलेल्या स्वस्त सुती कापडास, म्हणजे आपल्याकडील चिटासारख्या मालास, कॅलिको म्हणत. घरच्या कामाला नेसण्याचे ते कापड. मंदीच्या दिवसांत रेशमाची ऐपत कोणास होती आणि कोणास नव्हती, हा प्रश्नच या अटीमुळे उरला नाही. स्त्रिया चिटाचे झगे आणि पुरुष चिटाचेच कोट घालून आले. वस्त्रव्यवसायाच्या इतिहासात स्वस्त कापडाचा याहून शहाणा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

एका मेजवानीने मंदी हटली नाही. १८८० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अवघी ३,०८६ भरली. दरम्यान १८७६ मध्ये जवळच्या ऑक्समूर येथे स्थानिक कोळशाच्या कोकवर लोखंड तयार करण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि एकेक भट्टी पेटू लागली. १८९० मध्ये लोकसंख्या २६,१७८ झाली. ज्या कंपनीचे भाग कोणी घेईना, तिनेच १८८६-८७ च्या तेजीत भांडवलाच्या कित्येक पट लाभांश वाटला. या भरभराटीची एक बाजू काळी आहे व ती झाकणे योग्य नव्हे. किरकोळ आरोपांखाली पकडलेले कैदी, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय, खाणींना भाड्याने दिले जात. अलाबामात ही हिंसा १९२८ पर्यंत चालली.

पॉवेल पुढे शहर सोडून गेले व १८८३ मध्ये मिसिसिपी राज्यात गोळी लागून मरण पावले. लिन १८८२ मध्ये वारले. त्यांच्या नावाचे उद्यान शहराच्या मध्यभागी आहे. युद्धात त्यांनी गुलामगिरीच्या पक्षाकडून जहाज चालविले होते, म्हणून तेथील त्यांचा पुतळा २०२० मध्ये निदर्शकांनी पाडला. ओक हिल दफनभूमीत लिन यांचे थडगे आहे. लुईझ वूस्टर १९१३ मध्ये वारली, तीही त्याच दफनभूमीत विसावली आहे. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने तिच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे.