शनीची कडी: बर्फाच्या तुकड्यांचा चंद्र का होत नाही?

डिसेंबर २०२४ मध्ये नागावच्या किनाऱ्यावर आत्याला दुर्बिणीतून शनी दाखवला. ती म्हणाली, "अरे, कडं कुठंय? नुसती रेघ दिसतेय." बरोबरच होतं तिचं. तेव्हा शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती. मार्च २०२५ मध्ये तर ती पूर्ण आडवी झाली. मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली, पण जाडी बहुतेक ठिकाणी फक्त १० मीटरच्या आसपास!

कडी कशाची बनलीत?
बहुतांश पाण्याच्या बर्फाची. धुळीच्या कणापासून घराएवढ्या तुकड्यापर्यंत सगळे आकार त्यात आहेत. सलग तबकडी टिकणार नाही, हे मॅक्सवेलने १८५९ मध्ये गणिताने दाखवलं. १८९५ मध्ये कीलरने वेग मोजला, तर आतले कण बाहेरच्यांपेक्षा जोरात फिरत होते. सलग चाकात याच्या उलट झालं असतं.

मग ते एकत्र का येत नाहीत?
याचं उत्तर अलिबागकरांना पायाखालचं आहे. ओहोटीला आपण कुलाबा किल्ल्यात चालत जातो, भरतीला वाट बुडते. कारण चंद्र पृथ्वीची जवळची बाजू जास्त ओढतो, लांबची कमी. शनीच्या इतक्या जवळ हाच फरक प्रचंड असतो. तुकड्यांचा मोठा गोळा जमायला लागला, की तो ताणून फुटतो. या हद्दीला 'रोश मर्यादा' म्हणतात. छोटे तुकडे मात्र टिकतात, कारण त्यांना बर्फाची स्वतःची मजबुती धरून ठेवते.

कडी कायमची आहेत का?
नाही. विद्युतभारित झालेले बर्फाचे बारीक कण चुंबकीय रेषांवरून शनीवर पडत राहतात. ही गळती अशीच चालली तर कडी साधारण ३० कोटी वर्षांत संपतील, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. कॅसिनी यानानेही २०१७ मध्ये शनी आणि कड्यांच्या मधून जाताना हे पडणारे कण टिपले.

आत्याने विचारलं, "म्हणजे माझं बघायचं राहिलंच का?" नाही! कडी आता पुन्हा उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वात जास्त कललेली दिसतील. ६० मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरेल.