वार्तेचे मूळ आणि आप्तांचा विश्वास

दळणवळणाचे साधन बदलले की माणसामाणसांतील संबंधही बदलतात, हे विधान आता सर्वमान्य आहे. परंतु नेमके काय बदलते, याचे उत्तर बहुधा वाढलेल्या वेगात शोधले जाते. समाजमाध्यमांपुरते पाहता हे उत्तर अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वेगाहून महत्त्वाचा बदल असा की, निनावी वार्तेला आप्ताच्या शब्दाचे वजन प्राप्त झाले.

वार्तेचे निनावी भ्रमण नवे नव्हे. १८५७ च्या आरंभी उत्तर व मध्य हिंदुस्थानातील खेड्यांतून चपात्या फिरल्या. एका गावच्या चौकीदाराने त्या शेजारच्या चौकीदारास द्याव्यात, त्याने तशाच आणखी करवून पुढील गावांस पोहोचवाव्यात, असा क्रम होता. त्या प्रथम कोणी धाडल्या व त्यांचा अर्थ काय, हे इंग्रज अधिकाऱ्यांस चौकशी करूनही निश्चित करता आले नाही. रणजित गुहा यांनी शेतकरी उठावांवरील आपल्या १९८३ च्या ग्रंथात अफवेच्या निनावीपणातच तिचे सामर्थ्य असल्याचे दाखविले आहे.

पत्राची प्रकृती याच्या उलट होती. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि पत्रव्यवहार सामान्यांच्या आवाक्यात आला. त्यावर मायना, सही आणि टपालकचेरीचा शिक्का असे. म्हणजे कोणी, कोणास, केव्हा व कोठून लिहिले, हे पत्रच सांगे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांस अधिक प्रमाण मानले, ते याच कारणाने.

२००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपवर हे दोन प्रवाह एकत्र आले. पुढे धाडलेला मजकूर मूळ कर्त्याविना येतो; परंतु त्याच्या माथ्यावर नाव असते ते भावाचे, मामाचे वा शेजाऱ्याचे. तोंडी अफवाही ओळखीच्याच माणसाकडून येई, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तेथे सांगणारा ‘असे ऐकले’ म्हणे, त्यास उलट प्रश्न करता येई, आणि मुखोमुखी बदलत जाणारा तपशीलच तिचे कच्चेपण उघड करी. येथे मजकूर चित्रफितीसह जसाच्या तसा राहतो. म्हणून तो पुराव्यासारखा भासतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ही अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होती. दारी येणाऱ्या भिक्षेकऱ्याशी गावाचा पिढ्यानपिढ्यांचा परिचय होता. तो परिचय हातातील संदेशापुढे टिकला नाही. येथे माणसांचा परस्परसंबंध तुटला, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. आप्तांतील विश्वास शाबूत होता, आणि त्याच्याच आधारे अनोळखी माणूस शत्रू ठरला.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला व अशा संदेशांवर तशी खूण आणली. त्यामुळे प्रसाराला आळा बसला, तरी मूळ अज्ञातच राहिले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिला प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले. कंपनीने त्यास खाजगीपणाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रत्येक संदेशाचे मूळ सांगता यावयाचे, तर प्रत्येकाच्या खाजगी बोलण्याचा माग ठेवावा लागेल, हा पेच खरा आहे.

तो सुटेपर्यंत काही भार वाचकावरच राहतो. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि सांगणाऱ्यास ते कसे कळले, हे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना दप्तरखान्यात विचारावयास शिकवितो. आप्तास तेच विचारणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. राईनपाड्यानंतर तो संकोच बाळगणे परवडणारे नाही.