तीन मिनिटांचे गाणे आणि रविवारचा वाद

स्मरणिका समितीने मंडळाच्या आरंभीच्या काळाविषयी लिहावयास सांगितले. सभांचे आणि गणेशोत्सवांचे वृत्तांत इतरांनी लिहिलेच आहेत. मला आठवतात ते कलकत्त्यातील आमच्या सरकारी निवासस्थानी १९८० च्या आसपास दर रविवारी झडणारे वाद. वडिलांच्या लोखंडी पेटीत केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या होत्या. अशातच कोणीतरी मुंबईहून येताना किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची लाँगप्ले आणली, आणि पोह्यांच्या बशा हातात असतानाच मंडळींचे दोन पक्ष पडले.

हा वाद कलकत्त्यात व्हावा, यात औचित्य होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी याच शहरात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या अखेरीस ती इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत, आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही युक्ती होती. १९०८ मध्ये कारखाना कलकत्त्यातच निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडम येथे गेला. पुण्यामुंबईत गायिलेली कितीतरी नाट्यगीते येथे लाखेच्या तबकड्यांवर उमटून पुन्हा महाराष्ट्रात परतली. आपल्यातील पुष्कळांना याची कल्पना नसेल.

त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात आलाप कोठून यावा? अनेक थोर गवयांनी या यंत्रापुढे गायिलेच नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांचाही आवाज आज कोठे ऐकावयास मिळत नाही. खाँसाहेबांची गायकी आपल्यापर्यंत आली ती शिष्यांच्या कंठांतून, आणि केसरबाईंच्या बाबतीत बव्हंशी त्या तीन मिनिटांतून. चीज, बोलअंग, ताना, सारे इतके घट्ट विणलेले की श्वास घ्यावयास जागा नाही.

उलट लाँगप्लेच्या एका बाजूस सुमारे वीस मिनिटे. मोगूबाईंच्या या कन्येने त्याच घराण्याची तालीम घेऊन स्वराला थांबावयास शिकविले. जुन्या पक्षाच्या मते हे घराणे सैल करणे होते, तर नव्या पक्षास केसरबाईंचे गाणे कोरडे वाटे. वडील नव्या पक्षाचे होते. मी मात्र, वय दहाएक वर्षांचे असूनही, ठामपणे केसरबाईंकडचा!

आज वाटते, आम्ही गायिकांची तुलना करीत नव्हतोच. तीन मिनिटांची वीस मिनिटांशी करीत होतो. केसरबाई मैफलीत एकेक राग सावकाश, दीर्घकाळ मांडीत. खाजगी मैफलींची मुद्रणे पुढे ऐकली तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. त्या खोलीतील एकानेही त्यांना समोर बसून ऐकले नव्हते. गावापासून हजार मैलांवर राहणाऱ्यांची मैफल तबकडीपुरतीच असे. आणि त्यावर आम्ही घराण्यांचे निकाल लावीत होतो.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. त्यांतील सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. भैरवीची ही हकीकत आमच्याकडे उशिराच पोहोचली. केसरबाईंच्या पक्षाचे एक काका विजयी मुद्रेने म्हणाले, “आता तरी मान्य करा!” वडिलांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “अहो, पण तेथेही त्यांना साडेतीनच मिनिटे दिली ना?”

पुढे वडिलांची बदली झाली. सामान हलविताना पेटी आपटली आणि केसरबाईंची एक तबकडी दुभंगली. नव्या पक्षाच्या या माणसाने ते दोन तुकडे टाकून दिले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. ते आता माझ्याकडे आहेत.