पिवळा झेंडा काय सांगतो? क्रूझ, कोरोना आणि खरं बोलण्याची किंमत

बंदरात शिरणाऱ्या जहाजावर साधा पिवळा झेंडा फडकताना दिसला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? जुन्या काळच्या खलाशाने सांगितलं असतं, 'जहाजावर साथ आहे, लांब राहा.' आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांमध्ये मात्र त्याच झेंड्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: 'माझं जहाज निरोगी आहे, मला बंदरात यायची परवानगी द्या.' अर्थ बदलला, पण एक गोष्ट तशीच राहिली. जहाजाच्या तब्येतीबद्दल पहिला शब्द जहाजच बोलतं.

माझ्या पीएचडीचा विषय बंदरं आणि साथीचे रोग हा आहे. तो सांगितला की लोक हमखास विचारतात, '२०२० मध्ये क्रूझ कंपन्यांनी आजार लपवला होता ना?' प्रश्न रास्त आहे. पण मला त्याच्या आधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या जहाजाने खरं सांगितलं, त्याचं पुढे काय व्हायचं?

हा पेच जुना आहे. पूर्वी जहाज एखाद्या बंदरातून निघताना 'बिल ऑफ हेल्थ' नावाचा दाखला घेऊन निघायचं. तिथे साथ नसेल तर दाखला स्वच्छ, असेल तर दूषित. दाखला दूषित असला की पुढच्या बंदरात दिवसचे दिवस नांगर टाकून बसायचं. माल सडणार, व्यापाऱ्याचं नुकसान होणार. आपल्या मुंबईने हे अनुभवलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. शहरात प्लेग आहे हे मान्य करणं म्हणजे मुंबईच्या प्रत्येक जहाजाकडे जगाने संशयाने बघणं. झालंही तसंच. १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूक थांबवली गेली. थोडक्यात, रोगाची कबुली देणाऱ्यालाच आधी भुर्दंड बसायचा.

आज त्या दाखल्याच्या जागी 'मॅरिटाइम डिक्लरेशन ऑफ हेल्थ' नावाचा फॉर्म आहे. त्यावर कप्तान सही करतो आणि जहाजावर डॉक्टर असेल तर त्याचीही सही लागते. प्रवासात कोणी दगावलं का, संसर्गजन्य रोगाचा संशय आहे का, असे प्रश्न त्यात असतात. एक प्रश्न असा असतो: आजारी प्रवाशांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे का? आता बघा, 'नेहमीपेक्षा' म्हणजे नेमकं किती? ज्या जहाजावर हजारो माणसं आहेत, त्यातले बरेच वयस्कर आहेत, तिथे सर्दी-खोकला रोजचाच. ते ठरवणारी माणसं कंपनीच्याच पगारावर असतात. म्हणजे ती खोटारडी असतात असं मी म्हणत नाहीये. पण कोणत्या उत्तराने बंदर उघडेल आणि कोणत्या उत्तराने बंद होईल, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

या पार्श्वभूमीवर २०२० चा फेब्रुवारी आठवा. 'डायमंड प्रिन्सेस' जपानमधल्या योकोहामाहून २० जानेवारीला निघालं होतं. २५ तारखेला हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाची चाचणी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह आली. प्रवाशांना खोलीतच राहण्याचा आदेश मिळाला तो ५ तारखेला. मधल्या दिवसांत माणसं एकत्र जेवत होती, फिरत होती. जहाजावर ३,७११ जण होते, त्यातले शेवटी ७१२ जण बाधित झाले.

प्रवासी खोलीत बंद, मग त्यांना जेवण कोण देणार? कर्मचारी. त्यांच्या खोल्या सामायिक, जेवण एकत्र आणि ड्युटी चालूच. सुरुवातीला बाधित आढळलेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण खानपान विभागातले होते. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त ६, बाकीचे १३२ कर्मचारी. त्यांच्यातल्या एका आचाऱ्याने आणि मुंबईच्या एका सुरक्षा कर्मचारी तरुणीने आतली परिस्थिती जगाला सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. नोकरी ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच जहाजातून असं बोलायला किती धाडस लागतं, याचा विचार करा. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीला आणण्यात आलं.

याच सुमाराला आकड्यांचाही एक खेळ सुरू होता. जहाज जपानच्या धक्क्याला, झेंडा ब्रिटनचा, कंपनी अमेरिकन. मग रुग्ण कोणाचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ते जपानच्या खात्यात नव्हे, तर 'आंतरराष्ट्रीय वाहन' अशा वेगळ्या ओळीत मांडले जायचे. मार्चमध्ये 'ग्रँड प्रिन्सेस' कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ थांबलेलं असताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प कॅमेऱ्यासमोरच म्हणाले की, प्रवासी जहाजावरच राहिलेले त्यांना आवडेल, कारण एका जहाजामुळे देशातला रुग्णांचा आकडा दुप्पट व्हायला नको. तेव्हा आकडा लहान दिसावा ही इच्छा कंपन्यांपुरती नव्हती, सरकारांचीही होती.

आणि जिथे आजार सापडलाच नव्हता तिथे? 'वेस्टरडॅम' हाँगकाँगहून १ फेब्रुवारीला निघालं. जहाजावर कोरोनाचा एकही निश्चित रुग्ण नसताना फिलिपिन्स, तैवान, जपान, ग्वाम आणि थायलंड यांनी त्याला नाकारलं. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने धक्का दिला. समुद्रावरच्या इतर कप्तानांनी यातून कोणता धडा घेतला असेल? निरोगी असूनही दार उघडत नाही, तर दहा जणांना ताप आहे हे सांगून कोण उघडणार!

पण म्हणून कंपन्या निर्दोष ठरतात का? नाही. 'रुबी प्रिन्सेस'कडे बघा. ८ मार्चला हे जहाज सिडनीहून न्यूझीलंडकडे निघालं आणि १९ मार्चला परतलं. आजारी लोकांची यादी आरोग्य खात्याला कळवलेली होती. खात्याने धोका 'कमी' ठरवला. साडेसव्वीसशेच्या आसपास प्रवासी उतरून आपापल्या वाटेने गेले आणि दुसऱ्या दिवशी नमुन्यांचे निकाल पॉझिटिव्ह आले. या जहाजाशी २८ मृत्यू जोडले गेले. ब्रेट वॉकर यांच्या चौकशी आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात राज्याच्या आरोग्य खात्यावर सर्वांत कडक ताशेरे होते. कंपनीचा हिशोब पुढे न्यायालयात झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने कंपनीला निष्काळजी ठरवलं. साथ पसरण्याचा मोठा धोका माहीत असूनही सफर काढली, आणि ती सुरक्षित असल्याचं भासवून प्रवाशांची दिशाभूल केली, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

मग सफर रद्द का नाही केली? इथे पैशाची गोष्ट येते. क्रूझच्या तिकिटाचा नियम साधारण असा: निघायच्या तोंडावर तुम्ही रद्द केलंत तर बरेच पैसे बुडतात, कंपनीने रद्द केलं तर परत मिळतात. त्यामुळे घाबरलेला प्रवासीही कंपनी कधी रद्द करते याची वाट बघत बसतो आणि कंपनी सरकारी आदेशाची. अमेरिकेत कंपन्यांच्या संघटनेने १३ मार्च २०२० ला सफरी थांबवल्याचं जाहीर केलं, सीडीसी या आरोग्य संस्थेचा बंदी आदेश १४ तारखेला आला. मग अनेकांना रोख रकमेऐवजी पुढच्या सफरीचं क्रेडिट देऊ केलं गेलं. सफर रद्द झाली किंवा ३ वा अधिक दिवस पुढे ढकलली तर परतावा द्यायचाच, असा स्पष्ट नियम तिथल्या फेडरल मॅरिटाइम कमिशनने केला, पण तो २०२२ मध्ये.

सफरी पुन्हा सुरू झाल्यावर सीडीसीने एक चांगली गोष्ट केली. प्रत्येक जहाजाला हिरवा, नारिंगी, पिवळा, लाल असा रंग देऊन ती यादी सगळ्यांसाठी खुली ठेवली. रुग्ण किती हे त्यातून कळायचं नाही, पण तिकीट काढणाऱ्याला काहीतरी दिसायचं. १८ जुलै २०२२ ला तो कार्यक्रम संपला आणि यादीही गेली. गंमत म्हणजे जुलाब-उलट्यांच्या बाबतीत हीच संस्था १९७० च्या दशकापासून जहाजांवर देखरेख ठेवते आहे. ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की जहाजाचं नाव, तारखा आणि आकडे जाहीर होतात. त्यामुळे क्रूझचा धंदा काही बुडालेला नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कामाची गोष्ट हीच. सगळ्याच जहाजांचे आकडे, एकाच मापाने, तिसऱ्याच कोणीतरी जाहीर केले की खरं बोलणारं जहाज एकटं पडत नाही. आपल्याकडचंच बघा. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया'वर सुमारे २,००० चाचण्यांत ६६ जण बाधित निघाले. तो आकडा गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी लगेच जाहीर केला. पण ते त्या वेळचं होतं, कायमची व्यवस्था नव्हे.

तेव्हा तुम्ही कधी क्रूझचं तिकीट काढलंत, तर स्विमिंग पूल आणि बुफेच्या फोटोंसोबत दोन गोष्टी जरूर वाचा: रद्द करण्याच्या अटी, आणि जहाजावर साथ आली तर ती तुम्हाला कोण, केव्हा सांगणार हे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर कंपनीला लेखी विचारा. आणि घरातलं कोणी जहाजावर नोकरीला असेल तर त्यांच्याशीही बोला. प्रवासी उतरून गेल्यावरही एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ सुमारे १०० जहाजांवर ८०,००० च्या आसपास कर्मचारी होते. त्यांचं म्हणणं कोणत्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही.